अहवालात न आलेली रोवणी

साकोली भागातल्या शिक्षकांचे कृतिसंशोधनाचे काही अहवाल मी वाचले. समस्या, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष, सारा पांढरपेशा साचा चोख. पोर मात्र कुठेच नाही. 'अनियमित उपस्थिती' एवढे लिहून शिक्षक मोकळा. ते पोर रोवणीला कोणाच्या बांधीत गेले, का गेले, हे त्याला संशोधन वाटत नाही. 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी मुक्ता साळवे या 14 वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. फुल्यांच्या शाळेतील अध्यापनाचा याहून मोठा पुरावा कोणता? शिक्षकांसाठी लेखनशिबिरे जरूर भरवा. जनगणना-निवडणुकीच्या कामातून सुटलेले चार निवांत दिवस त्यांच्या हक्काचे आहेत. फक्त येताना वर्गातल्या वह्या आणाव्यात, गैरहजर पोराची आधी.