'कोणता प्रोटोकॉल वेगवान?' हा प्रश्न अपुरा का आहे

डेटाबेसवर काम करणारे बहुतेक विद्यार्थी जोडणीचा प्रोटोकॉल निवडत नाहीत. तो आपोआप निवडला जातो. मग 'अमुक डेटाबेस तमुकपेक्षा वेगवान' असा तक्ता प्रबंधात येतो आणि त्या तक्त्यात नेमकं काय मोजलंय ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आज मायक्रोसॉफ्टच्या एका जुन्या मार्गदर्शक पानाकडे जरा टीकेच्या नजरेने बघू. एसक्यूएल सर्व्हरसाठी शेअर्ड मेमरी, टीसीपी/आयपी की नेम्ड पाइप्स, हे ते पान समजावतं.

आधी त्याचं श्रेय. नुसतं 'हे वापरा' न सांगता ते कारण देतं. नेम्ड पाइप्समध्ये समोरच्याने वाचायला मागितल्याशिवाय डेटा निघत नाही, आणि वाचण्याआधी 'काही आलंय का' असं डोकावणारे निरोप जातात. जलद लॅनवर हे जाणवत नाही, पण लांबच्या, मंद नेटवर्कवर प्रत्येक निरोपाची किंमत मोजावी लागते. टीसीपीचा प्रवाह त्या मानाने सलग असतो.

आता हेच आपल्याकडे लावून बघा. राहू बेटातल्या उसाच्या शेतांत मातीच्या ओलाव्याचे सेन्सर लावलेत आणि डेटाबेस पुण्यात आहे, असं समजा. अंतर ढोबळ ५० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान अर्धा मिलिसेकंद. प्रत्यक्षात मोबाईल नेटवर्कवर एका फेरीला ४० मिलिसेकंद धरू. १००० नोंदी एकेक करून, प्रत्येकीच्या उत्तराची वाट बघत पाठवल्या तर ४० सेकंद गेले. त्याच नोंदी तुमच्याच लॅपटॉपवर, शेअर्ड मेमरीतून, फेरीला ०.१ मिलिसेकंद धरून, ०.१ सेकंदात होतील. डेटाबेस तोच, क्वेरी तीच, फरक ४०० पट! नोंदी १००-१०० च्या गठ्ठ्याने पाठवल्या तर फेऱ्या १० उरतात आणि वाट बघण्यात ०.४ सेकंद जातो. प्रोटोकॉल बदलण्याआधी फेऱ्या मोजा म्हणतात ते यासाठी.

माझी खरी तक्रार इथे आहे. ते पान वेगाची तुलना करतं, पण 'तुम्ही आत्ता कोणत्या वाटेने जोडले गेला आहात' हा प्रश्न मध्यवर्ती करत नाही. एमडीएसी २.८ सारख्या जुन्या क्लायंटचा उल्लेख त्यात आहे, यावरून त्याचं वय कळतं. संशोधकाला मात्र तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

मायएसक्यूएलचं उदाहरण घ्या. लिनक्सवर कमांड लाइनमधून 'लोकलहोस्ट' लिहिलं की जोडणी युनिक्स सॉकेटने होते, '१२७.०.०.१' लिहिलं की टीसीपीने. जावा प्रोग्रॅममधून मात्र 'लोकलहोस्ट' लिहूनही टीसीपीच. पोस्टग्रेसचा पीएसक्यूएल होस्ट न दिल्यास सहसा सॉकेटच धरतो. म्हणजे एक डेटाबेस पीएसक्यूएलने आणि दुसरा जावाने तपासला, तर तुम्ही डेटाबेसची नाही, वाटांची शर्यत लावलीत. परीक्षकाने एवढं एकच विचारलं तरी अख्खं प्रकरण डळमळतं.

तपासायला मिनिटही लागत नाही. पीएसक्यूएलमध्ये 'कॉनइन्फो', मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये 'स्टेटस', आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू जोडण्या दाखवणाऱ्या व्ह्यूतला 'नेट ट्रान्सपोर्ट' हा स्तंभ. उत्तर पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात लिहा.

दुसरी उणीव सुरक्षेची, आणि ती फक्त एका कंपनीच्या पानाची नाही. पोस्टग्रेसच्या क्लायंटचा एसएसएल मोड मुळात 'प्रीफर' असतो: जमलं तर कूटबद्ध, नाही तर उघडं. त्यांचेच दस्तऐवज म्हणतात की सुरक्षेच्या दृष्टीने याला अर्थ नाही! सर्व्हरची ओळखही पटवायची असेल तर 'व्हेरिफाय-फुल' लागतं. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ ने कूटबद्धता मुळातच सक्तीची केली, हे चांगलंच झालं. पण मग प्रमाणपत्राची चूक येते, आपण इंटरनेटवर शोधतो, पहिलं उत्तर 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट: येस' असं मिळतं आणि आपण ते चिकटवतो. चूक गेली खरी, पण पलीकडचा सर्व्हर खरा की खोटा ही तपासणीही गेली. शेतकऱ्यांची नावं, गट नंबर, उत्पन्न असला डेटा असेल तर हे चालणार नाही. आणि कूटबद्धतेचा वेळही मोजमापात येतो: मायएसक्यूएल ८ मध्ये मूळ सेटिंगवर टीसीपी जोडणी कूटबद्ध होऊ शकते, सॉकेटची होत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या शर्यतीत आणखी एक फरक मिसळला.

पोर्टबद्दल थोडक्यात. १४३३, ३३०६, ५४३२ हे नेहमीचे पोर्ट सगळ्या जगासाठी उघडे ठेवू नका. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर हा वर्म एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ मधूनच पसरला होता. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो. ते बदलून 'सगळीकडून ऐक' करायला सांगणारा व्हिडिओ दिसला, तर फायरवॉल आणि एसएसएच बोगद्याबद्दल तो काय सांगतो ते आधी बघा. बरेच जण काहीच सांगत नाहीत.