‘घरंदाज’ या शब्दापलीकडच्या दुर्गा खोटे

दुर्गा खोटे यांच्याविषयी लिहिताना मराठी लेखक एक वाक्य हमखास लिहितात : घरंदाज, सुशिक्षित स्त्री चित्रपटात आली आणि या व्यवसायाला इज्जत मिळाली. हे वाक्य कौतुकाचे असले तरी आम्हांला ते खटकते.

आम्ही राहतो त्या पन्हाळ्याजवळ कोल्हापूर आहे. तिथे बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त (१९२०) गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कमलादेवी, सुशीलादेवी अशी नावे घेऊन काम केले. फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. त्यांची कन्या जुबेदा १९३१ च्या ‘आलम आरा’ची नायिका. इज्जत दुर्गाबाईंमुळे आली म्हणायचे, तर या स्त्रिया काय बेइज्जत होत्या? एकीच्या गौरवासाठी चौघींचा पाणउतारा करणे ही समीक्षा नव्हे.

दुर्गाबाईंची खरी थोरवी त्यांच्या खानदानात नाही, मेहनतीत आहे. जन्म १९०५ चा, घरची बोली कोकणी, शिक्षण मुंबईत सेंट झेवियर्समध्ये. १९३२ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत काढला. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. तीच तारामती दोन्ही भाषांत बोलायची आणि गाणेही स्वतःच गायचे. संवाद पाठ करून हे साधत नाही. प्रत्येक भाषेचा श्वास वेगळा असतो, हे आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक रोज अनुभवतो.

पुढे ‘अमर ज्योती’त (१९३६) त्यांनी सूडाने पेटलेली सौदामिनी उभी केली. रंगभूमीवर शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये (१९५४) त्या मॅकबेथच्या महत्त्वाकांक्षी पत्नीच्या भूमिकेत उतरल्या. घरंदाजपणाचे लेबल या भूमिकांवर चिकटत नाही. त्यात क्रोध आहे, सत्तेची भूक आहे.

आमच्या घरोघरी मात्र त्या ‘मुगल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई म्हणूनच ओळखीच्या. बापाचा हुकूम आणि लेकाची मोहब्बत यांत सापडलेली ही आई नुसती रडत नाही. ती आधी मलिका आहे, हे त्यांच्या ताठ मानेवरून कळते. पृथ्वीराज कपूर आणि दिलीपकुमार यांच्या मध्ये उभे राहून नजरेत भरणे सोपे नव्हते. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामासाठी, आडनावासाठी नव्हे. १९९१ साली त्या गेल्या.

हा वाद जुना वाटेल, पण तो संपलेला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी मुलगी नाटकात उभी राहिली की आजही आधी विचारतात, “कुणाची मुलगी?” काम कसे केले, हे नंतर, कधी कधी कुणी विचारतही नाही. दुर्गाबाईंचे नाव घेऊन मुलींना धीर द्यायचा असेल, तर ‘चांगल्या घरच्या मुलीही हे करतात’ असे सांगू नये. काम चोख केले की घराचा दाखला लागत नाही, एवढे सांगावे.