स्ट्रीमिंगच्या युगातील संगीतसंग्रह : स्थैर्याची एक चिकित्सा

प्रास्ताविक

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन तबकडीवर मुद्रित झाले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे संगीताचा संग्रह म्हणजे वस्तूंचा संग्रह असे समीकरण राहिले. तबकडी, ध्वनिफीत, कॅसेट आणि सीडी ही माध्यमे बदलत गेली, परंतु विकत घेतलेली वस्तू रसिकाच्या कपाटात राहत असे. २००८ साली युरोपात सुरू झालेली स्पॉटिफाय ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. तत्पूर्वीच गाना, सावन यांसारख्या देशी सेवा येथे रुजल्या होत्या. मासिक वर्गणीत कोट्यवधी गाणी उपलब्ध झाली आणि रसिकाने निवडलेल्या गाण्यांच्या यादीसच 'माझा संग्रह' म्हटले जाऊ लागले. ही संज्ञा कितपत सार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संग्रह की परवाना ?

स्ट्रीमिंगमध्ये श्रोत्यास ध्वनिमुद्रणाची प्रत मिळत नाही. वर्गणी चालू असेपर्यंत ऐकण्याचा परवाना मिळतो. स्पॉटिफायवर 'डाउनलोड' केलेली गाणीही सांकेतिक स्वरूपात बंदिस्त असतात आणि ३० दिवसांतून किमान एकदा उपकरण इंटरनेटशी जोडले नाही तर ती वाजत नाहीत. म्हणजेच संग्रहाची किल्ली सेवादात्याकडे असते.

या सेवादात्याचा स्वतःचाही परवानाच असतो. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक कंपनी व स्पॉटिफाय यांचा करार जमला नाही आणि अनेक लोकप्रिय हिंदी चित्रपटगीते त्या सेवेवरून नाहीशी झाली. जानेवारी २०२२ मध्ये नील यंग यांनी आपली गाणी निषेध म्हणून त्याच सेवेवरून काढून घेतली. ती २०२४ मध्ये परतली. दोन्ही प्रसंगी श्रोत्याची वर्गणी चालू होती, त्याच्या यादीला मात्र छिद्रे पडली.

कधी सेवाच बंद पडते. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झाली. रेसोने जानेवारी २०२४ मध्ये भारतातील सेवा थांबविली, तर विंक म्युझिक बंद करण्याचे एअरटेलने २०२४ मध्येच जाहीर केले. अशा वेळी गाणी अन्यत्र सापडू शकतात. परंतु वर्षानुवर्षे जुळविलेला क्रम, निवड व त्यामागील रसिकदृष्टी यांचे स्थलांतर सेवादात्याच्या सौजन्यावर अवलंबून राहते.

पाठभेदाचा प्रश्न

गाणे नाहीसे झाले तर निदान लक्षात येते; ते बदलले तर लक्षातही येत नाही. २०२२ साली बियॉन्से यांनी 'रेनेसाँ' या संग्रहातील एका गीताचे शब्द प्रकाशनानंतर बदलले आणि स्ट्रीमिंगवर जुन्या पाठाच्या जागी नवा पाठ आला. साहित्याच्या अभ्यासकास पाठचिकित्सेचे महत्त्व सांगावयास नको. छापील ग्रंथाची पहिली आवृत्ती दुसरीमुळे नष्ट होत नाही. येथे ती होऊ शकते.

मराठीपुरता विचार करता 'गीतरामायण' हे उदाहरण बोलके ठरते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गीतांची ही मालिका निरनिराळ्या गायक-गायिकांच्या आवाजात प्रसारित झाली. घराघरांत पुढे पोहोचले ते प्रामुख्याने सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील ध्वनिमुद्रण. हे दोन भिन्न पाठ आहेत. मुद्रणवर्ष, वादक, तबकडी क्रमांक यांविना केवळ गीताचे नाव व चित्र दाखविणाऱ्या यादीत हा भेद पुसट होतो. शोधनिबंधात असा दुवा संदर्भ म्हणून देणाऱ्या विद्यार्थ्याचा पुरावाच उद्या दुसरा निघण्याचा संभव आहे.

प्रतिपक्ष

वस्तुरूप संग्रह तरी सुरक्षित होता काय, असा आक्षेप येऊ शकतो. तो रास्त आहे. तबकडी फुटते, फितीला बुरशी लागते. १ जून २००८ रोजी कॅलिफोर्नियातील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत मूळ ध्वनिफितीही जळाल्या. स्वतःच्या फाइलींचीही शाश्वती नाही. मायस्पेसने २०१९ साली आपल्याकडील २०१५ पर्यंतचे संगीत हरवल्याचे मान्य केले. ज्यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती, त्यांची निर्मितीच गेली. तथापि वस्तूच्या नाशावर अनेक ठिकाणी अनेक प्रती हा उपाय असतो. परवान्याच्या नाशावर श्रोत्याच्या हाती उपायच नाही, हा दोहोंमधील मूलभूत फरक होय.

कायदा आणि संस्था

१९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशित पुस्तकाच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांस द्याव्या लागतात. ध्वनिमुद्रणास हा कायदा लागू नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. पण तोवर प्रत कोणी जपली असेल तरच या मुक्ततेला अर्थ आहे. हे जतन आजवर बहुतांशी खासगी संग्राहकांच्या निष्ठेवर चालले. श्रोत्यांची नवी पिढी प्रतच बाळगणार नसेल, तर उद्याचे संग्राहक कोठून येणार ?

समारोप

स्ट्रीमिंगमुळे श्रवणाचे क्षेत्र विस्तारले, हे निर्विवाद आहे. नव्या संगीताच्या ओळखीसाठी त्याचा उपयोग अवश्य करावा. मात्र जे संगीत अभ्यासाचे वा जिव्हाळ्याचे आहे, त्याची निर्बंधमुक्त फाइल किंवा सीडी विकत घ्यावी, दोन वेगळ्या माध्यमांवर प्रती ठेवाव्यात व त्यांपैकी एक अन्य वास्तूत असावी. गायक, संगीतकार, राग, कंपनी व वर्ष यांची सूची साध्या कागदावरही असावी. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी पुस्तकांप्रमाणे ध्वनिमुद्रणांचीही दाखलनोंद ठेवली, तर पुढील अभ्यासकास पुरावा हाती घेऊन बोलता येईल.