भूमिकाखेळातील पुरवणी आणि बलवृद्धी

मूळ कृतीला पुरवणी जोडणे ही वाङ्मयाच्या इतिहासातील नवी गोष्ट नव्हे. महाभारताला हरिवंश ‘खिल’ म्हणून जोडला गेला, तरी महाभारत महाभारतच राहिले. कारण खिलात कृष्णचरित्राचा कितीही विस्तार झाला, तरी कुरुक्षेत्रावर सुटलेल्या एकाही बाणाचा वेग त्यामुळे बदलत नाही. परंतु कृती ही स्वतः कथा नसून कथा निर्माण करणारी नियमव्यवस्था असेल, तर पुरवणीचा अर्थ मुळातच पालटतो. नियमग्रंथात एक नवे पान घातले, की जुन्या प्रत्येक पानाचे मोल बदलते. अद्भुत विश्वातील भूमिकाखेळांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास ह्याची साक्ष देतो. ‘वैकल्पिक’ ह्या नम्र विशेषणाखाली आलेल्या पुरवण्यांमुळे ह्या खेळांतील पात्रांचे सामर्थ्य चोरपावलांनी वाढत जाते. ह्या प्रक्रियेला येथे ‘बलवृद्धी’ असे म्हटले आहे. तिचा विचार बहुधा अंकगणिताच्या अंगाने केला जातो. वस्तुतः तो कथेच्या अंगाने व्हावयास हवा.

ह्या खेळाचे स्वरूप प्रथम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी 1974 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यात पट नाही, ठरलेली संहिता नाही आणि प्रेक्षकही नाहीत. चारपाच खेळाडू प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात आणि एक जण सूत्रधार होऊन त्यांच्यापुढे जग उभे करतो. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो; ते साधते की नाही, हे जेथे संशयित असेल तेथे फासा ठरवितो. कथा अशा रीतीने अनेकांच्या तोंडून घडत जाते. नियमांचे ह्या कथेशी असलेले नाते छंदाचे काव्याशी असलेल्या नात्यासारखे आहे. काय म्हणावयाचे ते छंद सांगत नाही. परंतु जे म्हटले जाते त्याला तो आकार आणि रोध देतो. हा रोध नसेल तर कर्तृत्वालाही अर्थ उरत नाही.

1974 च्या मूळ पुस्तिकांत योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपासक असे तीनच पात्रवर्ग होते, आणि सुरी असो वा मोठी तलवार, इजेचे मोजमाप एकाच सहा बाजूंच्या फाशाने होई. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी निघाली. तिने शस्त्रागणिक इजेचे निरनिराळे फासे दिले, असामान्य बळाच्या योद्ध्यासाठी शतमानातील नवी श्रेणी दिली, मंत्रांची मर्यादा सहाव्या श्रेणीवरून नवव्या श्रेणीपर्यंत नेली, आणि चोर हा नवा पात्रवर्ग आणला. ह्यांतील चोराचे उदाहरण विशेष बोधक आहे. बळाच्या दृष्टीने हा वर्ग दुबळाच. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, भिंत चढणे, सावलीत लपणे हीच त्याची विद्या. त्याच्या आगमनाने खेळात एक नवी तऱ्हा आली, हे निःसंशय. पण त्याबरोबर असेही झाले की, भिंत चढण्याचा जो प्रयत्न काल कोणीही करू शकत होता, तो आज एका वर्गाच्या नावावर लागला. कोणताही नियम काही देतो तेव्हा काही काढूनही घेतो. म्हणून पुरवणीची परीक्षा करताना तिने काय दिले एवढेच पाहून भागत नाही. तिने कोणाचे काय घेतले, हेही पाहावे लागते.

सामर्थ्य बेसुमार वाढत आहे ह्याची जाणीव खेळाच्या कर्त्यांनाही लवकरच झाली. 1976 मध्ये ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ ही चौथी पुरवणी निघाली. चाळीसच्या वरच्या पातळ्या गाठलेल्या पात्रांचा हास्यास्पदपणा उघड व्हावा, हा तिचा एक हेतू असल्याचे प्रास्ताविकातच सांगितले आहे. त्यासाठी निरनिराळ्या संस्कृतींतील देवतांची मोजमापे देण्यात आली. त्यांत भारतीय देवतांचेही एक प्रकरण आहे. हेतू असा की, देवांचे अंक पाहून मर्त्यांनी आपली पायरी ओळखावी. परिणाम मात्र उलट दिशेचा होता. अमर्याद गोष्टीला अंक दिला, की ती केवळ मोठी मर्यादा ठरते, आणि मर्यादा ओलांडण्यासाठीच असते अशी खेळाडूची समजूत असते. अंक नसलेला इंद्र अजिंक्य असतो. अंक असलेला इंद्र हा फक्त पुढच्या पातळीवरचा शत्रू होय.

येथे आपल्या पुराणकथांची रीत आठवते. पुराणांतही सामर्थ्याची वाढ थोडी नाही. परंतु तेथे प्रत्येक वर अटीसह येतो. हिरण्यकशिपूला मिळालेल्या वरात दिवस, रात्र, घर, अंगण, मनुष्य, पशू अशी सगळी संरक्षणे आहेत, आणि कथा उभी राहते ती त्यांच्यामधल्या उंबरठ्यावर. सामर्थ्याला छिद्र ठेवले नाही तर कथेला शिरकाव करावयास जागाच राहत नाही. भूमिकाखेळाच्या पुरवण्यांना हे तत्त्व अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. मात्र त्यांनी त्याचा वापर कसा केला ते पाहण्याजोगे आहे. खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या सुमारास, 1989 पासून, एकेका वर्गासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका निघू लागल्या. त्यांतील प्रत्येक विशेष पात्रप्रकाराला काही लाभ आणि काही उणीव अशी जोडी दिलेली असे. योद्ध्यांच्या मार्गदर्शिकेतील ‘स्वॅशबकलर’ हा छानछोकी तलवारबहाद्दर घ्या. हलके चिलखत घातले असता त्याला बचावात निश्चित अंकांची भर मिळते. त्याची उणीव कोणती, तर संकटे त्याला शोधत येतात! लाभ अंकात दिला आहे आणि उणीव वर्णनात. अंक प्रत्येक लढाईत आपोआप वसूल होतो. वर्णनाची वसुली मात्र सूत्रधाराच्या स्मरणावर आणि भिडेवर सोपविलेली. शिवाय साहसकथेत संकट शोधत येणे ही उणीव की पर्वणी? हिरण्यकशिपूच्या वराची अट कथा स्वतःच पाळते. येथील अट पाळण्याची जबाबदारी कोणावरच नाही.

‘वैकल्पिक’ ह्या शब्दाचे खरे स्वरूपही ह्याच इतिहासातून उलगडते. 1985 मध्ये ‘अनअर्थ्ड आर्केना’ ही पुरवणी प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रकाशनसंस्था आर्थिक अडचणीत होती. ह्या ग्रंथाने योद्ध्याला एखाद्या शस्त्रात विशेष नैपुण्य मिळविण्याची सोय दिली. अचूकतेत, इजेत आणि प्रहारांच्या संख्येतही त्यामुळे वाढ होई. चार वर्षांनी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ ग्रंथात हेच नैपुण्य, काहीसे सौम्य होऊन, वैकल्पिक नियम म्हणून दाखल झाले. पुढे 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पात्राची विशेष कौशल्ये स्पष्टपणे वैकल्पिक होती. 2024 च्या सुधारित ग्रंथात ती प्रत्येक पात्राला जन्मतःच मिळू लागली. 2020 च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ ह्या पुरवणीतही विविध वर्गांसाठी वैकल्पिक गुण सुचविले होते, आणि त्यांतील काही 2024 मध्ये मूळ नियम होऊन बसले. कालची पुरवणी आज विकल्प, आणि आजचा विकल्प उद्याचा दंडक, असा हा क्रम आहे.

ह्यामागे अर्थकारण आहे हे उघड आहे. मूळ ग्रंथ एकदाच विकत घेतला जातो, आणि दर सूत्रधारामागे चारपाच खेळाडू असतात. तेव्हा प्रकाशकाने खेळाडूला हवेसे वाटेल तेच छापावे, ह्यात नवल नाही. परंतु सगळा दोष बाजारावर ढकलणे हा विचाराचा आळस ठरेल. सूत्रधाराला पुरवणी नाकारण्याचा अधिकार असतो, असे म्हटले जाते. तत्त्वतः ते खरे आहे. प्रत्यक्षात मित्राने हौसेने आणलेले पुस्तक नाकारणे म्हणजे त्या मित्राची हौस नाकारणे होय. म्हणून एकाने घेतलेला विकल्प हळूहळू सर्वांवर बंधन होतो. शेजारच्या पात्राचा प्रहार दुप्पट झाला, की ज्याने विकल्प घेतला नाही त्याचा प्रहार न बदलताही निम्मा होतो.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पात्रे बलवान झाली तर राक्षसही बलवान करावेत. प्रमाण राखले म्हणजे समतोल राहील. पण हा समतोल तराजूचा आहे, कलेचा नव्हे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद आणि विरोध ह्यांच्याबरोबर समतोलाचा विचार केला आहे. त्यांना अभिप्रेत असलेला समतोल हा घटकांच्या परस्परसंबंधातून सिद्ध होतो. दोन्ही पारड्यांत सारखेच वजन टाकीत राहिल्याने तो साधत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे वाढवीत गेल्यास लढाया तेवढ्याच अवघड राहतील. पण लढाईबाहेरचे जग—दरी, भूक, अंधार, गावच्या पाटलाचा राग—पूर्वीइतकेच राहून नगण्य होईल. गायगॅक्स ह्यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे 1978 मध्ये प्रसिद्ध झालेले साहस ह्या दृष्टीने पाहावे. त्यातील थडग्यात पात्राचे बळ फारसे कामी येत नाही. खेळाडूची सावधगिरी आणि तर्कबुद्धी कामी येते. मर्यादेमुळे खेळाडू विचार करू लागतो. सामर्थ्य वाढले म्हणजे विचाराची जागा पात्रपत्रिकेवरील नोंद घेते, आणि ‘मी काय करू?’ हा प्रश्न ‘माझ्याजवळ काय आहे?’ ह्या प्रश्नात रूपांतरित होतो. बलवृद्धीने होणारी खरी हानी ही आहे.

तेव्हा पुरवण्या नकोतच, असा निष्कर्ष काढावयाचा काय? तसे म्हणणे म्हणजे 1975 चा चोरही नाकारणे होय. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. तोच निकष येथे लावता येईल. जी पुरवणी कथेपुढे नवा प्रश्न ठेवते, ती उचित. जी जुन्याच प्रश्नाला अधिक मोठे उत्तर पुरविते, ती कितीही रंजक असली तरी अनुचित. भूमिकाखेळाकडे आपल्याकडील समीक्षेने अद्याप पोरखेळ म्हणूनच पाहिले आहे. परंतु जेथे चार माणसे एकत्र बसून कथा रचतात आणि तिच्या बंधनांविषयी पुन्हा पुन्हा वाद घालतात, तेथे कथनाचा एक मूलभूत प्रश्न अगदी उघड्यावर आलेला असतो. नायक किती समर्थ असावा, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर कोणत्याही पुरवणीच्या कोष्टकात सापडणार नाही. परंतु नायकाला हरता आले पाहिजे, एवढे तरी ह्या पन्नास वर्षांच्या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.