फड सोडलेला आवाज : नंदू भेंडे आणि ‘तीन पैशाचा तमाशा’

बँड सोडलेल्या गायकाबद्दल लिहिताना समीक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतात : आवाज पूर्वीसारखा राहिला आहे का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. आमच्या कळंब-इंदापूरच्या बाजूला जत्रेत तमाशाचे फड येतात. एखाद्या कलावंताने फड सोडला, की इथला रसिक निराळं विचारतो : आता तो कोणापुढे गाणार, आणि काय गाणार? ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाड्या सगळे मागे राहतात, गळा तेवढा बरोबर येतो. हार्ड रॉकच्या गायकाचंही तसंच होतं. गिटार आणि ड्रमच्या गदारोळावर मात करत कमावलेला आवाज त्या गदारोळावाचून काय करतो, ही त्याची कसोटी. मराठीत ही कसोटी लागली ती नंदू भेंडे यांची, १९७८ साली. नाट्यसंगीताच्या चर्चेत तिला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही.

नंदू हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. घरात मराठी रंगभूमी होती, पण मुलाचा ओढा रॉककडे. सत्तरच्या दशकातल्या मुंबईत ‘व्हेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा बँडमधून ते इंग्रजी गाणी गायले. अलेक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं, त्यात त्यांनी ज्यूडास रंगवला. हे रॉक-संगीतक मुळात १९७० साली ध्वनिमुद्रिका म्हणून आलं होतं आणि त्यात येशूची गाणी गायला होता ‘डीप पर्पल’चा इयन गिलन. म्हणजे हार्ड रॉकचा गळा नाट्यपात्राला देण्याची वाट गिलनने आधीच मळवली होती.

याच गिलनशी तुलना केली की भेंड्यांची निवड स्पष्ट दिसते. गिलनने १९७३ साली ‘डीप पर्पल’ सोडली. पुढे स्वतःचा बँड काढून १९७६ साली त्याने जो पहिला अल्बम दिला, त्याचं नाव होतं ‘चाइल्ड इन टाइम’. हे जुन्या बँडच्याच गाजलेल्या गाण्याचं नाव. ते गाणं त्याने नव्याने गायलं, साथीला जॅझकडे झुकणारे वादक घेतले. गळा तोच, भाषा तीच, श्रोताही बराचसा तोच. बदलली ती साथ. नव्या घरात जुनंच सामान लावलं, तर पाहुण्याला जुन्या घराची आठवण येणारच. त्या अल्बमचं तसंच झालं असं माझं मत आहे.

भेंड्यांनी भाषाच बदलली. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ साली ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. रूपांतर पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. संगीतात नंदू भेंडे यांचाही वाटा होता आणि अंकुश या गुंडाची मध्यवर्ती भूमिका त्यांचीच होती. मूळ नाटक ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं, १९२८चं. त्याच्याही मागे जॉन गेचं १७२८चं ‘बेगर्स ऑपेरा’. गेने लोकांच्या तोंडी असलेल्या चाली वापरल्या, वाइलने कॅबरे आणि जॅझचे सूर आणले. बर्लिनमध्ये गुंडाची भूमिका हाराल्ड पाउल्सेन या ऑपरेटामधून आलेल्या नटाला दिली होती. प्रत्येक पिढीने या नाटकात आपल्या काळाचा रस्त्यावरचा आवाज आणला. पुण्याने रॉक आणला, हे त्या परंपरेला धरूनच झालं.

१९७८ साली मी शाळकरी होतो. प्रयोग पाहिलेला नाही. संहिता मात्र टेबलावर ताल धरून, मोठ्याने, अनेकदा वाचली आहे. ती वाचताना मराठीची एक अडचण लक्षात येते. इंग्रजी शब्दात आघाताची जागा ठरलेली असते आणि रॉकमध्ये ड्रमचा ठोसा दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर बसतो. दोन्हींची सांगड सहज पडते. मराठीत असा ठळक आघात नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या वजनाने ओळ चालते. चाल बेसावधपणे बांधली, तर ठोसा नेमका विभक्तीच्या प्रत्ययावर पडतो आणि अर्थ लंगडतो. नाट्यपदाने यावर आकाराची वाट शोधली : शब्द संपला, की स्वर लांबवायचा. रॉकला तेवढी सवड नसते. त्याला जवळची वाट पोवाड्याची. वरच्या पट्टीत, ट-ठ-ड-ळ ही व्यंजनं फेकत शब्द श्रोत्याच्या अंगावर धाडणारा शाहीर हा मला नाट्यगायकापेक्षा रॉक गायकाचा अधिक जवळचा नातेवाईक वाटतो. मराठी रॉकचं मूळ आपल्याकडेच शोधायचं, तर ते डफाजवळ सापडेल.

अंकुशच्या गाण्यांतला पाश्चात्त्य बाज नाटकाला नेमका उपयोगी पडतो. प्रेक्षकाने गाण्यात विरघळू नये, विचार करत राहावं, हा ब्रेख्तचा आग्रह. ‘सौभद्र’च्या पदांवर वाढलेल्या कानाला मराठी शब्द रॉकच्या ढंगात ऐकणं मुळातच परकं. जे अंतर इतर नटांना प्रयत्नाने निर्माण करावं लागतं, ते हा गळा उभा राहताच तयार होतं.

पण याच यशात मला एक तोटा दिसतो. रॉक मिळाला तो गुंडाला. त्यामुळे तो आवाज अंकुशचा पोशाख ठरला. नाटक संपलं, की खुंटीवर टांगायचा. त्या आवाजात मराठी माणूस प्रेम करेल, शोक करेल, रागाने प्रश्न विचारेल, ही शक्यता तिथे उघडली नाही. पुढे १९८२ साली ‘डिस्को डान्सर’मध्ये ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणं भेंडे यांनी गायलं आणि गावोगावच्या लाउडस्पीकरवरून हा आवाज पोचला. ज्यूडास गायलेला गळा इथे कृष्णाला साद घालतो. गाणं तडफेचं आहे. पण डिस्कोचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखा पडतो आणि शब्दाला अडून, रुसून, उशिरा यायला जागाच ठेवत नाही. गायक तोच असूनही अंकुश होण्याची मुभा त्या गाण्यात नाही.

नंदू भेंडे २०१४ साली गेले. नाट्यसंगीत म्हटलं, की आपली चर्चा किर्लोस्करांपासून निघते आणि बालगंधर्वांभोवती रेंगाळते. ‘तीन पैशाचा तमाशा’ पुलंच्या खात्यात किंवा ब्रेख्तच्या खात्यात जमा होतो. गायकाचं खातं कोरंच राहतं. माझी मागणी साधी आहे : नाट्यपदांच्या पुढच्या संग्रहात अंकुशची गाणी मात्रांच्या खुणांसह, ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’च्या पदांबरोबर छापावीत. आज गावात गिटार घेऊन मराठीत ओरडू पाहणाऱ्या पोराला निदान कळेल, की ठोसा कुठे बसवायचा हा प्रश्न त्याच्याआधी कोणीतरी सोडवू पाहिला होता, आणि तोही मराठी रंगमंचावर.