चित्रातले डोळे, चित्राबाहेरची फुप्फुसे

जॉन सिंगर सार्जंट यांचे ‘गॅस्ड’ हे चित्र १९१९ साली पूर्ण झाले. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधले हे तैलचित्र सुमारे ६ मीटर रुंद आहे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने होरपळलेले सैनिक, डोळ्यांना पट्ट्या बांधून, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने उपचारकेंद्राकडे चालले आहेत. एकाने न दिसणाऱ्या पायरीसाठी पाय जरा जास्तच उंच उचलला आहे. आंधळेपण दाखवायला तो एक पाय पुरेसा आहे.

तरीही विज्ञानशिक्षकाने या चित्राशी थोडे भांडायला हवे. मस्टर्ड ‘वायू’ हा खरे तर तेलकट द्रव. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २१७ अंश सेल्सिअस. श्वासाबरोबर आत जातात ते त्याचे सूक्ष्म थेंब आणि वाफ. त्रास काही तासांनी सुरू होतो. बहुतेकांचे डोळे काही आठवड्यांत सुधारत. श्वासनलिकांची इजा मात्र अनेकांना जन्मभर पुरे. इराण-इराक युद्धात (१९८०-८८) हा वायू लागलेल्या इराणी सैनिकांना कित्येक दशकांनंतरही धाप लागत असे. म्हणजे जे भरून येते ते चित्रात ठळक आहे आणि जे मागे उरते ते चित्रात नाही.

बातम्यांतल्या छायाचित्रांतही हीच उणीव असते. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. धुराचे लोट, फुटलेल्या काचा ही छायाचित्रे ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या मुलांच्या परिचयाची आहेत. पदार्थ वेगळे, मात्रा वेगळी. युद्धाशी बरोबरी करण्याचे कारण नाही. पण वारा कुठे वाहत होता, धुरात काय होते, त्यात कोण किती वेळ होते, हे छायाचित्रात येत नाही. ते त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते.

नोंद नसली तर काय होते? इराक-अफगाणिस्तानात उघड्या खड्ड्यांत जाळलेल्या कचऱ्याचा धूर अमेरिकी सैनिकांच्या छातीत गेला. कोणाच्या किती, हे सहसा मोजलेले नव्हते. आजार धुरामुळेच झाला हे सिद्ध करण्याचे ओझे अनेक आजारांपुरते त्यांच्या डोक्यावरून उतरले, ते २०२२ च्या कायद्याने.

‘गॅस्ड’ वर्गात अवश्य दाखवावे. मग मुलांना विचारावे : या रांगेतल्या सैनिकाला वीस वर्षांनी जिना चढताना काय होत असेल? आणि ते आपल्याला कळावे म्हणून त्या दिवशी कोणी काय टिपून ठेवायला हवे होते?