वाक्य न वाचणारी समीक्षा

अलीकडचे समीक्षालेख वाचताना संताप येतो. सुरुवातीला सोस्यूर, मग बार्थ, मग देरिदा, आणि त्यानंतर कादंबरीचं कथानक. भाषाच अर्थ घडवते, हे पहिल्या परिच्छेदात मान्य करायचं आणि पुढच्या वीस पानांत लेखकाचं एकही वाक्य उलगडायचं नाही! १९१६ साली भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरची व्याख्यानं त्याच्या पश्चात छापली गेली. शब्दाचा अर्थ इतर शब्दांशी असलेल्या भेदातून ठरतो, हे त्यांतलं सूत्र आपल्याकडे पाठ झालं, पण ते वापरायची सवय लागली नाही.

वापरायला खरं तर फार काही लागत नाही. 'मी कप फोडला', 'माझ्याकडून कप फुटला', 'कप फुटला'. कप तिन्ही वेळा फुटलाच आहे. पहिल्या वाक्यात माणूस जबाबदारी घेतो, दुसऱ्यात चूक कबूल करूनही हेतू नाकारतो, तिसऱ्यात तो दिसेनासा होतो. 'आम्ही' आणि 'आपण' यांचंही तसंच. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. निवेदक यांतलं काय निवडतो आणि मध्येच ते का बदलतो, हे पाहिल्याशिवाय कादंबरीच्या नैतिक भूमिकेबद्दल बोलूच नये.

भाषाशास्त्रज्ञ आणि समीक्षक अशोक केळकरांनी आयुष्यभर हीच शिस्त पाळली. त्यांच्या 'रुजुवात'ला २०१० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण त्या वाटेनं पुढे गेलेले थोडेच. रमेश धोंगडे आणि तुकोबांच्या अभंगांची शैलीमीमांसा करणारे दिलीप धोंडगे, ही नावं मला मोलाची वाटतात ती यासाठीच. आपल्याच परंपरेत व्यंजनेचा, म्हणजे सूचित अर्थाचा, एवढा बारीक विचार करणारा आनंदवर्धन नवव्या शतकातच होऊन गेला. त्याचं नाव घेणारेही कवितेतली व्यंजना शोधत नाहीत. देशीवादाच्या चर्चेतून मला कवितेचं नवं वाचन मिळालेलं नाही. आस्वादक समीक्षा 'भावलं'च्या पुढे सरकत नाही.

भाषेकडे पाहा म्हटलं की लगेच आक्षेप येतो: हा रूपवाद आहे, मर्ढेकरांचा लयसिद्धान्त पुन्हा आणताय, सामाजिक प्रश्नांपासून पळताय. हा आक्षेप मला साफ अमान्य आहे. दया पवारांचं १९७८ चं आत्मकथन 'बलुतं' घ्या. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावं, एक सांगणारं, एक ऐकणारं. शिकून पुढे गेलेल्या माणसाचं आपल्याच भूतकाळाशी असलेलं अवघड नातं या रचनेतच उभं राहतं. ही मांडणी बाजूला सारून पुस्तकातून फक्त दारिद्र्याचे आणि अपमानाचे दाखले वेचणारी समीक्षा स्वतःला बांधिलकीची म्हणवते. ती दया पवारांना साक्षीदार मानते, लेखक मानत नाही. सवर्ण कादंबरीकाराची शैली तपासायची आणि दलित लेखकाचा फक्त अनुभव मोजायचा, हा भेदभावच आहे, आणि तो विद्यापीठांच्या प्रबंधांतून राजरोस चालू आहे.